पहिला परदेश प्रवास: सिंगापूर धरून केलेली तयारी

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला ज्याची धास्ती असते, ते सहसा घडतच नाही. इंग्रजी जमेल का, रस्ता चुकलो तर काय, लोक हसतील का, यांपैकी कशानंच फारसं अडत नाही. अडतं ते तिकिटावरच्या नावानं, हातात न आलेल्या ओटीपीनं आणि आईनं प्रेमानं भरून दिलेल्या अनारशांच्या डब्यानं. म्हणजे जे अडतं ते बहुतेक घरीच, निघायच्या आधी निस्तरण्यासारखं असतं.

इथे मी सिंगापूर धरून लिहितो आहे. मुंबईहून साधारण साडेपाच तासांचं विमान, इंग्रजीत सगळं चालतं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही आणि मेट्रोनं शहरभर फिरता येतं. त्यात नियम कडक. पहिल्या प्रवासाला हे उलट बरंच. सिंगापूरची तयारी नीट केली की पुढे दुबई किंवा युरोपसाठी वेगळं फार थोडं शिकावं लागतं.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्ट काढून कपाटात ठेवला असेल तर आज बाहेर काढा आणि मुदतीची तारीख बघा. प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने तो चालू हवा. पाच महिने उरले असतील तर चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि तिथे हुज्जत घालून काही उपयोग नसतो. दोन-तीन कोरी पानंही हवीत.

आता नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टवर रकाने मात्र दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. समजा आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’ आहे आणि दुसऱ्यात ‘सुनीता रमेश’. मग तिकीट काढताना पहिल्या नावाच्या चौकटीत ‘सुनीता रमेश’ असंच भरायचं. नुसतं ‘सुनीता’ नको, आणि ‘रमेश’ उचलून आडनावाला चिकटवणंही नको. तिकीट मुलगा काढतो, व्हिसाचा अर्ज एजंट भरतो, विमा जावई उतरवतो आणि प्रत्येक ठिकाणी आईचं नाव निराळं पडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर हमखास. उपाय सोपा आहे. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि ‘जे काही भरायचं ते यात बघूनच’ असं सगळ्यांना सांगून ठेवा.

व्हिसा, आणि ते दुसरं कार्ड

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला पर्यटनासाठीही व्हिसा लागतो. तो तिथल्या सरकारनं नेमलेल्या अधिकृत एजंटांमार्फत मिळतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटाचा आकार वेगळा. प्रवासाच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, त्यामुळे तीन महिने आधी घाई करून उपयोग नाही. पण शेवटच्या आठवड्यावरही टाकू नका. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. आधारसाठी काढलेला जुना फोटो खपवायला जाऊ नका. व्हिसा कागदी चिकटपट्टीचा नसतो, ई-व्हिसा येतो. त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

व्हिसा मिळाला म्हणजे काम झालं, असं समजून बरेच जण इथेच थांबतात. खरं तर ‘एसजी अरायव्हल कार्ड’ भरायचं राहिलेलं असतं. हे प्रत्येक प्रवाशाचं वेगळं, लहान मुलांचंही, आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. ते पूर्णपणे फुकट आहे. इंटरनेटवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणारी पानं वर येतात आणि याच अर्जाचे पैसे मागतात. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या, अधिकृत संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ‘मायआयसीए’ ॲपवरच भरा. ई-मेल स्वतःचा आणि बरोबर द्या. सिंगापूरला हल्ली पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहायची परवानगी मिळाली, ते त्याच ई-मेलवर येतं.

युरोपचा बेत असेल तर गणित वेगळं. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. सिंगापूरला अशी सक्ती नाही. तरी विमा घ्याच. तिथे एक रात्र हॉस्पिटलात काढायची वेळ आली, तर बिल सहलीच्या खर्चाच्या वर जाऊ शकतं. विमा उतरवताना बीपी-शुगर लपवू नका. दावा नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरतं.

तिकीट काढताना

मुंबईहून सुटणारी बरीच विमानं रात्रीची असतात आणि सकाळी उतरवतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. हॉटेलची खोली मात्र बहुधा दुपारी तीनशिवाय मिळत नाही. म्हणजे रात्रभर अर्धवट झोप आणि सकाळी खोली नाही. बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात, त्याचे पैसे पडत नाहीत. तो अर्धा दिवस बागेत किंवा नदीकाठी हलकं फिरण्यासाठी ठेवा. सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील, तर आदल्या रात्रीपासूनची खोली घेण्यात शहाणपण आहे. इथे पैसे वाचवू नयेत.

विमानातल्या जेवणाचे कोड वाचल्याशिवाय निवडू नका. ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी आणि ‘व्हीजेएमएल’ म्हणजे जैन. ‘एचएनएमएल’ला हिंदू मील म्हणतात, पण ते सामिष असतं. त्यात गोमांस नसतं इतकंच. नाव बघून विश्वासानं निवडलेल्या माणसापुढे चिकन येतं. जेवणाची निवड निदान २४ तास आधी कळवावी लागते, ऐनवेळी हवाईसुंदरीच्या हातात काही नसतं.

टूर कंपनीबरोबर जावं का? सिंगापूरला धडधाकट माणसाला गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मराठी जेवण, बरोबर चार ओळखीची माणसं आणि सामानाची काळजी नको, हे ज्येष्ठांना हवं असेल तर ग्रुप टूर जरूर घ्या. फक्त जाहिरातीतल्या आकड्यात व्हिसा, टिप्स आणि टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर आधीच कापला जाणारा आयकर) धरलेत का, आणि ‘ऐच्छिक’ म्हणून कोणती ठिकाणं बाहेर ठेवलीत, हे आधी विचारून घ्या.

पैसे

२०२०पासून आपल्याकडे नवीन कार्डावर परदेशातला व्यवहार मुळात बंदच असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो स्वतः चालू करावा लागतो, मर्यादा ठरवावी लागते. टॅप करून पैसे देण्याची सोयही तिथेच चालू करा. हे घरून करा, कारण त्यासाठी ओटीपी लागतो. याच कारणानं भारतातल्या सिमवर रोमिंग चालू ठेवून जा. इंटरनेटसाठी ई-सिम किंवा रोमिंग पॅक, जे स्वस्त पडेल ते घ्या. पण जुना नंबर काढून डबीत ठेवला की बँक तुम्हाला ओळखेनाशी होते.

एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड), एक क्रेडिट कार्ड आणि थोडी रोकड एवढं पुरतं. साध्या क्रेडिट कार्डावर दर व्यवहाराला साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा लागतात, म्हणून ते अडीअडचणीला. रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० अमेरिकन डॉलरइतकंच नेता येतं. सिंगापूरच्या आठवड्याला त्याच्या जवळपासही जायची गरज नाही. भारतीय रुपये २५,००० पर्यंत जवळ ठेवायला परवानगी आहे. नोटा शहरातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. विमानतळावरचा भाव बघून जीव हळहळतो.

तिथे कार्ड लावलं की कधी कधी मशीन विचारतं, ‘रुपयांत देणार की सिंगापूर डॉलरमध्ये?’ रुपये दिसले की हायसं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. डॉलरच निवडा. रुपयांत दिलं की भाव ते लोक लावतात, आणि तो तुमच्या बँकेच्या भावापेक्षा जवळजवळ नेहमीच महाग असतो. यूपीआय काही दुकानांत चालतं, पण त्याच्या भरवशावर पाकीट रिकामं नेऊ नका.

बॅग: इथे थांबून वाचा

वजनापेक्षा बॅगेत काय आहे, हे महत्त्वाचं. त्यातही पहिली गोष्ट म्हणजे खसखस.

सिंगापूरला खसखस आणायला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातून येते, तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि तिथले अमली पदार्थांचे कायदे जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहेत. यूएईतही ती चालत नाही. आपण म्हणतो, खसखस कोण कशाला नेईल? पण ती पुडीतून जात नाही. ती अनारशांवर थापलेली असते, करंजीच्या सारणात भाजून घातलेली असते, डिंकाच्या लाडवात असते. बऱ्याच घरांच्या गोड्या मसाल्यात आणि मालवणी मसाल्यात ती असतेच, आणि वाटल्यावर डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा घरच्या मसाल्याची पुडी नेणार असाल तर करणाऱ्या बाईंना नेमकं विचारा. दिवाळीत लेकाकडे निघालेल्यांनी चकली, शंकरपाळी, बिनखसखशीचे बेसनाचे लाडू न्यावेत. अनारसे घरीच खावेत.

दुसरी गोष्ट तंबाखू. गुटखा, मावा, चघळायची तंबाखू, आजीची मिश्री, सगळ्याला बंदी. व्हेप तर नकोच, तो आपल्याकडेही २०१९पासून बंद आहे. सिगारेटींना करमाफी अजिबात नाही. एक पाकीट असलं तरी उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जाऊन सांगायचं आणि कर भरायचा. च्युइंग गमवर १९९२पासून बंदी आहे, मुलांच्या खिशात राहिलंय का बघा. मटण-चिकनचे पदार्थही घेऊ नका.

तिसरी गोष्ट औषधं. रोजच्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच असू द्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डब्यात सोलून भरलेल्या गोळ्या कसल्या, हे कुणाला सांगता येत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या यांना तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागू शकते. आपल्याकडे खोकल्याची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानातून सहज येते, म्हणून ती तपासून घ्या. घटकांची नावं लेबलवर असतात.

आणि दुसऱ्याचं पार्सल. ‘आमच्या बंटीला एवढी पिशवी द्याल का?’ हा प्रश्न निघायच्या आदल्या दिवशी येतोच. नाही म्हणता येत नसेल तर पिशवी उघडून, एकेक वस्तू बघून, स्वतःच्या हातानं भरा. शिवलेलं, चिकटपट्टीनं गुंडाळलेलं काही घेऊ नका. समोरच्याला राग आला तर येऊ दे. सिंगापूरला हेरॉइन १५ ग्रॅमच्या वर नेल्याला फाशीची शिक्षा आहे आणि पिशवी कुणाची होती, हे पटवून देणं फार अवघड असतं.

बाकीचं पटकन. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्या पेट घेऊ शकतात. तिथलं सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं, आपली पिन बसत नाही, ॲडॉप्टर न्या. छत्री न्या, पाऊस कधीही येतो. मॉल आणि मेट्रोतल्या एसीसाठी एक पातळ स्वेटर. आणि हो, सगळ्या स्वच्छतागृहांत पाण्याचा जेट नसतो. घडीची छोटी बाटली पिशवीत असली की मनाला शांती.

मुंबईचा विमानतळ

तीन तास आधी पोचा. चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग तुमचं विमान समोर उभं असलं तरी काही चालत नाही.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत एक दृश्य हमखास दिसतं. एक काकू, समोर स्टीलचा डबा, डब्यात घरचं साजूक तूप. जवान शांतपणे सांगतोय की हे जाणार नाही, आणि काकू त्याला वास घेऊन बघायला सांगताहेत. १०० मिलिलिटरच्या वर पातळ किंवा थबथबीत काहीही हातातल्या बॅगेत चालत नाही. तूप, लोणचं, ठेचा, मुरांबा, श्रीखंड सगळं त्यातच आलं. ते नीट बांधून चेक-इनच्या बॅगेत टाका. काउंटरवर बॅग गेली की ती परत मिळत नाही.

इमिग्रेशनला कुठे, कशाला, किती दिवस, एवढंच विचारतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर हाताशी ठेवा, फोनची बॅटरी दगा देते. जितकं विचारलं तितकंच उत्तर द्या. वारंवार जाणार असाल तर केंद्र सरकारची ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ नोंदणी आहे. ती २०२४मध्ये दिल्लीला सुरू झाली आणि पुढे मुंबईतही आली. एकदा करून ठेवली की रांग वाचते.

अंगावर भारी दागिने नेऊ नयेतच. न्यायचेच असतील तर जाताना कस्टम्सकडून त्यांचा दाखला घ्या. नाहीतर परत येताना ते तिथे घेतले नाहीत, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

उतरल्यावर

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, इमिग्रेशनला प्रवासी स्वतःच मशीनसमोर उभा राहतो, पासपोर्ट ठेवतो, दार उघडतं. नाही उघडलं तर घाबरू नका, शेजारी माणूस असतो. अगदी लहान मुलांना घेऊन माणसांच्या काउंटरला जा.

शहरात यायला मेट्रो आहे, तानाह मेराहला गाडी बदलावी लागते. ती मध्यरात्रीनंतर बंद असते. उशिरा उतरणार असाल तर टॅक्सी बोलवायचं ‘ग्रॅब’ ॲप घरूनच टाकून त्यात कार्ड जोडून ठेवा. मेट्रोला आणि बसला तिकीट काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड दारावर टेकवलं की झालं. मात्र माणशी एक कार्ड हवं, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही. परदेशी कार्डाला वापराच्या दिवसाला ०.६० डॉलर जादा लागतात. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापतात. आपल्याला कंडक्टरची सवय, म्हणून हे पहिल्या दिवशी सगळेच विसरतात.

मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईतल्यांची. रस्ता सिग्नललाच ओलांडा, गाडी दिसत नसली तरी.

खाणं

‘हॉकर सेंटर’ म्हणजे सरकारी देखरेखीखालचा खाऊचा मोठा मंडप. स्वस्त, स्वच्छ आणि गर्दीचा. दुपारी एक वाजता टेबल रिकामं दिसलं म्हणून बसू नका, आधी टेबलावर काय ठेवलंय ते बघा. टिश्यू पेपरचं छोटं पाकीट ठेवलेलं असेल, तर ते टेबल कुणीतरी धरून रांगेत गेलंय. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसंच हे. ते पाकीट उचलून बाजूला सारणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. खाऊन झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं. २०२१पासून तसा नियमच आहे.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाजी दिसली तरी तिच्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा रस, असू शकतो, सांबल चटणीत वाटलेली कोळंबी असते. ‘नो मीट, नो फिश, नो सॉस फ्रॉम फिश’ असं फोडून सांगा. चिनी बौद्ध शाकाहारी गाळे मात्र बरेच भरवशाचे, तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो. मांसासारखं दिसणारं जे काही ताटात येतं, ते सोयाबीन किंवा गव्हाचं असतं, दचकू नका. जैनांनी बटाट्या-गाजराचं तेवढं विचारून घ्यावं. वरण-भाताची फारच आठवण आली तर लिटल इंडिया गाठा. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७पासून चालू आहे, डोसा आणि थाळी दोन्ही मिळतात.

मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी लागणार आहे. त्यामुळे वेगळी टीप ठेवायची गरज नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

अडचण आलीच तर

पोलीस ९९९, ॲम्ब्युलन्स ९९५. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय. ते परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, नंतर आयसीएकडूनही कागद करावे लागतात. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत आणि दोन फोटो वेगळ्या पिशवीत असले, तर हे सगळं एक-दोन दिवसांनी लवकर उरकतं. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, फोनमध्ये त्याचा फोटो.

परतताना

एका दुकानातून १०० डॉलर किंवा त्याहून जास्तीची खरेदी झाली असेल तर जीएसटी परत मिळतो. बिल करतानाच पासपोर्ट दाखवायचा, म्हणून त्या दिवशी तो तिजोरीतून काढून बरोबर घ्या. नंतर सांगून उपयोग नाही. वस्तू चेक-इनच्या बॅगेत जाणार असेल तर बॅग देण्याआधी विमानतळावरच्या परताव्याच्या यंत्रावर जा, कारण वस्तू बघायला मागू शकतात. लिटल इंडियातल्या ‘मुस्तफा’ या मोठ्या दुकानातून खरेदी करणाऱ्यांनी यासाठी तासभर जास्तीचा धरावा.

घरी आल्यावर दोन कामं राहतात. उरलेल्या नोटा २,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच्या असतील तर पुढच्या वेळेसाठी ठेवता येतात. त्यावरच्या १८० दिवसांत परत विकायच्या. आणि पॅकेज घेताना किंवा फॉरेक्स भरताना टीसीएस कापला असेल तर तो तुमचाच पैसा आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या कराच्या नोंदीत तो दिसतोय का बघा आणि रिटर्न भरताना सीएला आठवणीनं सांगा. तिकीट मुलानं काढलं पण पॅन वडिलांचा दिला, असं झालं असेल तर परतावाही वडिलांच्याच रिटर्नमधून मागावा लागेल.